पिंकी आता ओरडत नाही

उत्रोली, ता. भोर
रविवार, १३ जुलै २०२५

चि. माधुरी हिस,
सप्रेम जयभीम.

पत्र बघून दचकू नकोस. इकडं कुणी आजारी नाही की गेलेलं नाही. फोन केला की तू "मीटिंगमध्ये आहे ताई, नंतर बोलू" म्हणतेस, आणि ते नंतर काही उगवत नाही. मेसेज केला तर दोन निळ्या खुणा आणि खाली हात जोडल्याचं चित्र. हात विहारात जोडावेत, माणसाला उत्तर द्यावं. म्हणून दहावीपर्यंत शिकले ते आज कामाला आणते आहे. कागद आमच्या अभिषेकच्या जुन्या वहीतले आहेत. मागच्या बाजूला त्याची गणितं दिसतील, ती चुकलेली आहेत, तिकडं लक्ष देऊ नकोस.

वरच्या खाचराची लावणी उरकली, खालचं राहिलंय. आत्याबाईंचा गुडघा सुजलाय, तरी रोज बांधावर येऊन बसतात आणि कुणाची मूठ वाकडी लागली ते तिथून ओरडून सांगतात. तू दर महिन्याला पाठवतेस ते वेळेवर येतं, मी लिहून ठेवते. त्या बाबतीत बोट ठेवायला तू जागा ठेवली नाहीस. हुशार आहेस.

तुझी पिंकी बरी आहे. तिचं पुढं लिहिते.

तुझं खोकं पोचलं. कुरिअरवाला भोरच्या नाक्यावरच थांबला, मला लावणी सोडून चिखलाच्या पायांनी जावं लागलं. मला वाटलं, वह्या असतील, नाहीतर पोरीला रेनकोट. उघडलं तर त्यात तोंडं. हसरं तोंड, रडकं तोंड, लाल तोंड, हिरवं तोंड, प्रत्येकाखाली भावनेचं नाव. आत्याबाईंना चष्मा दिला आणि एकेक कार्ड दाखवत गेले.

"ह्यो कोन?"

"आत्या, हा राग."

"राग आसा आसतो व्हय? ह्याला मुळव्याध झाल्यागत दिसतंय. आन ह्यो?"

"हा गोंधळलेला."

"त्यो आपला थोरला," म्हणाल्या. म्हणजे आमचे हे. हे तिथंच बसले होते, तोंड कार्डासारखंच करून.

पिंकीनं सगळी कार्डं एकदा चाळली, गठ्ठा नीट केला आणि म्हणाली, "हे बालवाडीचं आहे. मी नववीत आहे." आणि खाटेखाली सारून दिलं. पोरांना भावना शिकवणाऱ्या तुझ्या संस्थेतल्या लोकांना कदाचित ठाऊक नसेल, पोरं दरवर्षी एकेक वर्षानं मोठी होतात. वरचेवर बघणाऱ्याला ते कळतं.

खोक्यात एक पत्रकही होतं. राग आला की उशीवर ठोसे मारा म्हणून. ते मात्र तिनं केलं. माझ्या आईनं दिलेली सावरीची उशी होती ती. घरभर कापूस. तो वेचून, पुन्हा भरून, टाके घालून उशी केली. पत्रकात उशी शिवायची कुणी ते लिहिलेलं नाही, पुढच्या छपाईत घ्या. आणि ती चमकीची बाटली. हलवायची म्हणे, आणि चमकी तळाला बसेस्तोवर बघत राहायचं, की मन शांत होतं. इथं चिखलणी झाल्यावर खाचरातलं पाणी निवळतं, तेही तसंच दिसतं. पण ते बघायला पुण्याहून कुणी येत नाही. फुकटाला मान कुठला?

तू म्हणशील, ताई खेड्यातली, हिला काय कळतंय. कळत नाही म्हणूनच सांगते. मी दर रविवारी विहारात पोरांना डोळे मिटून श्वासाकडं बघायला बसवते. निम्मी झोपतात, उरलेली एकमेकांना चिमटे काढतात. एखादा खरंच बसतो. पण मी त्याचं पत्रक काढत नाही आणि नावामागं तज्ज्ञ लावत नाही. पोराच्या मनातलं काढायला कुणाकडंच सांडशी नाही, माझ्याकडं नाही आणि तुझ्याकडं तर त्याहून नाही. फरक एवढाच की मला त्याचा पगार नाही.

नोकरीबद्दल मी तुला कधी बोलले नाही, हे तू मान्य करशील. सम्राटभावजी हायवेवर अपघातात गेले तेव्हा पिंकी पाचवीत होती. तू म्हणालीस, ताई, मला पुण्यात उभं राहू दे, हिला तुमच्याकडं ठेवते. मी ठेवून घेतलं. गावानं तुला नावं ठेवली, त्यांची तोंडं मी बंद केली. पहिली दोन वर्षं तू दर पंधरवड्याला यायचीस, मग महिन्यानं, मग सणावारी. तेही चाललं असतं. कामाचं माणूस आहे, येईल तेव्हा येईल. पण बुद्धपौर्णिमेला तू जे केलंस ते मला अजून गिळवत नाही.

तू एक रात्र राहिलीस. सकाळी निघायच्या वेळी तुझ्या चपला सापडेनात. पिंकीनं कणगीमागं लपवल्या होत्या, आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं. नऊ वर्षांची असती तर हसलो असतो. चौदाव्या वर्षी पोरगी चपला लपवते म्हणजे तिच्याजवळ दुसरं काही उरलेलं नाही, एवढं तर आत्याबाईंनाही कळलं, आणि त्यांनी कुठला कोर्स केलेला नाही. तू काय केलंस? खाली बसलीस, तिच्या डोळ्याला डोळा लावलास आणि त्या वर्गातल्या आवाजात विचारलंस, "पिंकी, तुला आत्ता काय वाटतंय, शब्दांत सांग."

ती म्हणाली, "मला वाटतंय तू जाऊ नयेस."

तू म्हणालीस, "छान. किती छान ओळखलंस!" आणि घड्याळ बघितलंस.

माधुरी, अगं कुत्र्यालासुद्धा भाकरी दाखवून परत डब्यात ठेवत नाहीत.

पुढचं तुला ठाऊक आहे. ती किंचाळली, तुझा डबा अंगणात भिरकावला, तुझ्या छातीवर बुक्के मारले. "पप्पांच्या जागी तू का नाही मेलीस" म्हणाली. वाईट बोलली. मी तिची बाजू घेत नाही. पण तू पांढरी पडलीस, माझ्या चपला पायात सरकवल्यास आणि वडापच्या जीपमध्ये जाऊन बसलीस. नसरापूरला उतरून मेसेज टाकलास, "मला स्वतःची काळजी घेणं गरजेचं आहे." घे बाई काळजी. माझ्या चपला मात्र अजून आलेल्या नाहीत. तुझ्या चपला पिंकीनं दुसऱ्या दिवशी कणगीमागून काढल्या, मोरीत बसून घासून धुतल्या आणि पेपरात गुंडाळून कपाटात ठेवल्या. त्यावेळी तिला काय वाटत होतं ते मी विचारलं नाही. दिसत होतं.

आता दुसरी बातमी. मागच्या आठवड्यात भोरच्या एका शाळेत मुलांच्या भावनांवर कार्यक्रम झाला म्हणे. पुण्याहून कुणी मॅडम आल्या होत्या. मुलं फार खूश झाली म्हणतात.

मी मुद्दाम 'कुणी' लिहिलं. तुला वाटलं असेल, ताईला काही कळलेलं नाही.

मिताली म्हणून पिंकीची मैत्रीण आहे, भोरच्या गणिताच्या क्लासातली. त्या शाळेत शिकते. गेल्या रविवारी वही मागायला सायकलवर आली. ओसरीवर पाय ठेवते न ठेवते तोच म्हणाली, "काकू, पिंकीची आई कसली भारी आहे! काल आमच्या शाळेत आलेली."

मी तांदूळ निवडत होते. पिंकी आतून बाहेर आली.

मिताली आपली भोळी, सांगत सुटली. "एक मुलगी रडायला लागली ना, तर त्यांनी तिला जवळ घेतलं. तास संपला तरी सोडलं नाही. बाहेर गाडी थांबलेली, त्यांना वेल्ह्याला जायचं होतं पुढच्या शाळेत, ड्रायव्हर दोनदा बोलवायला आला. तरी बसून राहिल्या. आमच्या बाई पण रडल्या. हे बघा, फोटो." आणि मोबाईल पुढं केला.

तूच होतीस. दोन्ही हातांत दोन मुखवटे आणि हे एवढं हसू.

भोर ते उत्रोली किती, ते तुला सांगायला नको. लग्न होऊन आलीस तेव्हा तू बाजार करून चालत यायचीस. वाण्यानं बांधलेली गरम शेव घरी गरमच पोचायची. परक्याच्या लेकीसाठी गाडी थांबवून धरलीस, आणि स्वतःच्या लेकीच्या गावाकडं मान वळवली नाहीस. यालाच जर भावनांचं ज्ञान म्हणत असतील तर आमचं अज्ञान बरं, निदान ते घरी जेवायला येतं.

पिंकीनं फोटो दोन बोटांनी मोठा केला. मग माझ्याकडं बघितलं.

मी काय बोलले ते लिहिते, कारण ते तुझ्यामुळं बोलले. मी म्हणाले, "ही तुझी आई नाही. एखादीचा चेहरा सारखा असतो."

मिताली म्हणाली, "पण काकू, फळ्यावर नाव..."

"माधुऱ्या काय, ढिगानं आहेत. हिची आई भोरला आली असती तर आधी इथं आली असती."

पिंकीनं मोबाईल परत दिला. "हो, दुसरीच कुणीतरी आहे," म्हणाली आणि वही आणायला आत गेली. मला बरं वाटलं, पोरीला पटलं म्हणून. ती माझी लाज राखत होती, हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

आषाढी पौर्णिमेला वर्षावास सुरू झाला. विहार भरलं होतं, लावणीमुळं बायका उशिरा आल्या, पण आल्या. पंचशील मीच सांगते हल्ली. मी पुढं म्हणायचं, सगळ्यांनी मागून. पोरं पुढच्या रांगेत, त्यांत पिंकी. पहिलं शील झालं, दुसरं झालं, तिसरं झालं. चौथं म्हणजे खोटं बोलण्यापासून दूर राहायचं. मी श्वास घेतला तेवढ्यात पिंकी उभी राहिली.

"हे मोठी आईनं आधी एकटीनं म्हणावं," म्हणाली. "मग मी म्हणीन."

कुणीतरी म्हणालं, "बस गं खाली." दोघीतिघींनी पदर तोंडाला लावले. सावळारामदादा, जे पौर्णिमेला खिरीच्या वासानं येतात आणि खीर संपली की जातात, ते म्हणाले, "आईबापाविना वाढलेलं पोर, संस्कार कुठनं यायचे?" दादांनी स्वतःच्या पोराला दारूच्या गुत्त्यावरून कितीदा उचलून आणलं ते साऱ्या गावाला पाठ आहे. पण त्या वेळी माझी जीभ त्यांच्यासाठी मोकळी नव्हती. पाली मला झोपेतही येते. त्या दिवशी तोंड उघडलं आणि पहिलं अक्षर निघेना. समोर बुद्धाची मूर्ती, हातात पेटलेली उदबत्ती, आणि ती पोर सरळ माझ्या तोंडाकडं बघत उभी.

शेवटी म्हणाले, "व्हय. ती तुझी आईच होती."

मला वाटलं आता ती किंचाळेल, काहीतरी फेकेल. मी उदबत्ती बाजूला केली, पोरीला भाजू नये म्हणून. तिनं काही फेकलं नाही. एवढंच विचारलं, "तिला माझी भीती वाटते का?"

ओरडून नाही. एसटी किती वाजता आहे विचारावं, तसं.

मी म्हणाले, "वंदना पुरी करू." भित्रेपणात तुझ्या पंक्तीला जाऊन बसले, त्या दिवसापुरती.

आता तिचं कसं चाललंय ते ऐक. तुला आवडेल.

त्या दिवसापासून पोरगी शांत आहे. तुझ्या पत्रकात लिहिल्यासारखी. हाक मारली की येते, ताटात पडेल ते खाते. नळावर पोरं विहारातल्या प्रकारावरून चिडवतात, तर हसते. पूर्वी एकाचं डोकं फोडून आली असती. शेजारणी म्हणतात, "बघा, मॅडमच्या खोक्याचा गुण आला." त्यांना अक्कल नाही, पण तुला तरी असावी. आत्याबाई तिला मुद्दाम डिवचतात. परवा जेवताना म्हणाल्या, "ए भवाने, वरण आळणी झालंय." पिंकी एरवी फाडकन म्हणायची, "आजी, तुझी जीभ आळणी झालीय," आणि मग दोघींची जुंपायची, घर दणाणायचं. आता उठली, मीठ आणलं, आजीच्या ताटात वाढलं आणि म्हणाली, "चुकलं आजी." वरण मी केलं होतं.

आत्याबाईंनी घास खाली ठेवला. रात्री अंथरुणावर बसून म्हणाल्या, "सुजे, पोरगी इझली गं."

हे म्हणाले, "शांत झाली तर तुम्हाला का टोचतंय?" यांना शांतता आवडते. भिंतीलाही आवडते.

काल खालच्या खाचरात रोपाच्या मुठी टाकत होतो. पिंकी माझ्या शेजारी वाकली आणि मान वर न करता म्हणाली, "मोठी आई, तू आईला पत्र लिहिणार आहेस ना?" मी कुणाला सांगितलं नव्हतं. अभिषेकची वही काढलेली तिनं बघितली असणार. मी हो म्हणाले.

"मग लिही की पिंकी आता ओरडत नाही. आता आलीस तरी चालेल."

आणि पुढची मूठ सोडून रोप लावायला लागली. इतकं सरळ लावलं की आत्याबाईंना बांधावरून ओरडायला काही सापडलं नाही.

हा तिचा निरोप. मी तो पोचवणार नव्हते, कारण तो वाचून तुला बरं वाटण्याची धास्ती आहे. तू म्हणशील, बघा, तिनं स्वतःला सावरलं. अगं, पोरीनं राग आवरला नाही, तुझ्यासाठी सोडून दिला. घर सोडावं तसा. आपण ओरडलो म्हणून आई गेली, असा हिशेब तिनं मनाशी मांडलाय, आणि तो चुकीचा आहे असं मी शपथेवर सांगू शकत नाही, हीच तर माझी पंचाईत आहे. कारण बुद्धपौर्णिमेला वडापमध्ये पाय ठेवताना तू माझा हात धरून काय म्हणालीस ते मी आजपर्यंत आमच्या ह्यांनाही सांगितलेलं नाही. तू म्हणालीस, "ताई, बाकीच्या मुलांपुढं मी बसू शकते. हिच्या रागापुढं मला उभं राहवत नाही. हिचा चेहरा ह्यांच्यासारखा होतो."

तेव्हा मला तुझी कीव आली. हात मी सोडवला नव्हता, आठवत असेल तर. पण कीव किती दिवस पुरवायची? भावजींसारखा चेहरा होतो तर होऊ दे. तो चेहरा त्यांच्याच लेकीला यायचा, शेजाऱ्याच्या नाही. आम्ही तो रोज बघतो. आत्याबाईंचा तर तो मुलगा होता. त्या त्याच चेहऱ्याशी रोज भांडून जेवतात.

तर आता नीट वाच. तू येणार आहेस ती पिंकी शांत आहे म्हणून नाही. तू आलीस की ती आधी गोड बोलेल, तुला चहा करून देईल, शाळेचं सांगेल. त्याला भुलू नकोस आणि तेवढ्यावर निघू नकोस. राहा. दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी, कधीतरी ते बाहेर येईल. ती तुला अद्वातद्वा बोलेल, भोरच्या त्या रडणाऱ्या मुलीचं नाव घेऊन बोलेल, भावजींच्या नावानं बोलेल. त्या वेळी तिला छान म्हणू नकोस. श्वास घ्यायला सांगू नकोस. घड्याळाकडं बघितलंस तर मी ते हातातून काढून घेईन, मोठी जाऊ आहे, तेवढा हक्क आहे मला. बसून राहा. तिचं संपेस्तोवर बस. तुला रडू आलं तर रड, तिला दिसू दे. तुझ्या कामात याला काही नाव असेल तर ते मला सांगू नकोस.

सुट्टी मिळत नाही, हे कळवू नकोस. पुण्याहून भोरला यायला तुला गाडी मिळते, हे आता सगळ्या तालुक्याला ठाऊक आहे.

आज सकाळी मी पिंकीला म्हणाले की विहारात तू जे विचारलंस त्याचं उत्तर येत्या रविवारी मिळेल. ती म्हणाली, "खरं?" मी म्हणाले, "खरं." आता मला दुसरं काही बोलता येणार नाही, पोर पुन्हा कधी उठून उभी राहील सांगता येत नाही. रविवारी सकाळी तू दारात असलीस तर उत्तर तू दे, तुला हवं ते दे. नसलीस तर मी देईन. मी सांगेन, "व्हय बाळ, तुझ्या आईला तुझी भीती वाटते, आणि त्यात तुझा काही दोष नाही." पुढचं अर्धं वाक्य तिच्या कानात शिरणार नाही, हे तुलाही कळतं आणि मलाही.

पत्राच्या शेवटी मोठ्यांना नमस्कार लिहायची रीत आहे. तुझ्या त्या घरात अजून मोठं कुणी झालेलं दिसत नाही, म्हणून तो लिहिला नाही. रविवारी आलीस तर उंबऱ्यात मी स्वतः तुला करीन.

तुझी जाऊ,
सुजाता